फिट गोळ्यांना दाद देत नाही, आता पुढे काय?

पत्र: काकू, माझा धाकटा भाऊ २३ वर्षांचा आहे, अकराव्या वर्षापासून त्याला फिट येतात. आधी एक गोळी होती, मग दोन झाल्या, आता तीन आहेत तरी महिन्यातून चार-पाच वेळा होतंच. पोटातून काहीतरी वर सरकतंय म्हणतो, मग एकटक बघत बसतो, ओठ चाटतो, शर्टाचं बटण चाचपत राहतो, हाक मारली तर ओ देत नाही. दोन मिनिटांनी भानावर येतो पण काही आठवत नाही. दोन वर्षांचा असताना तापात अर्धा तास आकडी आली होती. एमआरआय नऊ वर्षांपूर्वी काढला, नॉर्मल होता. मागच्या महिन्यात डॉक्टरांनी फाईलवर 'रिफ्रॅक्टरी' लिहिलं. मी नेटवर बघितलं तर 'औषधाला दाद न देणारा' असं आलं. तेव्हापासून आई म्हणते लागूच पडत नाहीत तर खायच्या कशाला, बंद करू आणि एका माणसाकडे पुड्या मिळतात त्या चालू करू. भाऊ एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. लग्नाचं बोलणं चाललं होतं तेही थांबलं. सगळं संपलं का हो? – एक ताई, कराड

उत्तर:

नाही गं बाळा, संपलं वगैरे काही नाही. तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि खरं सांगू का, ओठ चाटतो, बटण चाचपतो, पोटातून वर सरकतं हे वाचल्यावर मी खुर्चीत सरळ होऊन बसले, कारण तू जे लिहिलंयस ते फार मोलाचं आहे आणि बहुतेक ते तुमच्या फाईलमध्ये इतकं नीट कुणी लिहिलेलंच नसणार. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते, २२ वर्षं ईईजीच्या (मेंदूतल्या विजेच्या रेघा काढायच्या तपासणीच्या) खोलीत काढली, डोक्याला मेजरिंग टेप लावून खुणा करायच्या, पेस्ट लावून वायरी चिकटवायच्या आणि पेपरवर, नंतर स्क्रीनवर, त्या रेघा बघत बसायचं हे माझं काम होतं. त्यामुळे गोळी कुठली द्यायची हे मी सांगणार नाही. पण त्या एका शब्दाने तुमच्या घरात जो अंधार केलाय तो शब्द नेमका काय आहे ते मी नक्की सांगू शकते.

सगळ्यात आधी, गोळ्या बंद करायच्या नाहीत. आजच आईला सांग. महिन्याला चार-पाच फिट येतायत म्हणजे गोळ्या काहीच करत नाहीत असं नसतं, त्या बऱ्याचदा आणखी मोठं काहीतरी अडवून धरत असतात, आणि एकदम बंद केल्या की फिटमागून फिट सुरू होते, मधे शुद्धच येत नाही, असे पेशंट थेट आयसीयूत गेलेले मी बघितलेत. पुड्यांचं म्हणशील तर फिटच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांमध्ये तपासणीत चक्क फिनोबार्बिटोन सापडल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे ते १९१२ पासून फिटसाठी वापरात असलेलं ॲलोपॅथीचंच औषध, फक्त किती मिसळलंय ते कुणालाच माहीत नाही. सुरुवातीला फरक पडतो तो त्यामुळे, आणि पुडी संपली की जे होतं तेही त्यामुळेच.

आता तो शब्द. रिफ्रॅक्टरी म्हणजे दाद न देणारा हे तू बरोबर शोधलंस. पण डॉक्टर तो शब्द मनात येईल तसा लिहीत नाहीत, त्याला मोजमाप आहे. अपस्माराची, म्हणजे फिटच्या आजाराची, जी जागतिक संघटना आहे तिने २०१० मध्ये व्याख्या ठरवून दिली, की त्या प्रकारच्या फिटला योग्य अशी दोन औषधं, पुरेशा डोसमध्ये, पेशंटला सोसतील अशी, नीट वापरून बघितली, एकेकटी किंवा एकत्र, आणि तरीही फिट पूर्ण थांबल्या नाहीत तर त्याला दाद न देणारा म्हणायचं. दोन औषधं. पाच नाही, दहा नाही. तुला वाटेल इतक्यात कसा शिक्का मारतात, तर त्याच्यामागे आकडे आहेत. स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला पॅट्रिक क्वान आणि मार्टिन ब्रॉडी या दोघांनी ५२५ पेशंट वर्षानुवर्षं बघितले आणि २००० साली छापलं. ज्यांनी आधी कधीच औषध घेतलं नव्हतं त्यांच्यात पहिल्याच गोळीवर ४७ टक्के लोकांच्या फिट थांबल्या, दुसऱ्या गोळीवर आणखी १३ टक्के, आणि त्याच्या पुढे तिसरी गोळी किंवा दोन-दोन एकत्र वगैरे सगळं मिळून जेमतेम ४ टक्के. बघ म्हणजे उतार कसा आहे. त्याच गावात पुढे १७९५ पेशंटचा मोठा अभ्यास झाला, २०१८ ला आला, मधल्या काळात कितीतरी नव्या गोळ्या बाजारात आल्या होत्या तरी आकडा तिथेच, साधारण ६४ टक्के लोक फिटमुक्त. म्हणजे दर तीन पेशंटमागे एक तुझ्या भावासारखा. आपल्या देशात फिटचे पेशंट एक कोटीच्या वर आहेत असं मानतात, तेव्हा तूच हिशोब कर किती घरांत आत्ता हेच बोलणं चाललं असेल. तुम्ही काही जगावेगळे नाही आणि तुमच्या हातून काही पापही झालेलं नाही.

या आकड्यांचा अर्थ मी असा लावते, आणि हेच मला तुला सांगायचंय: दोन गोळ्यांनी काम झालं नाही तर चौथ्या-पाचव्या गोळीची वाट बघत दहा वर्षं घालवायची नाहीत, आता कारण शोधायला निघायचं. फाईलवरचा तो शब्द म्हणजे फिटच्या आजाराच्या मोठ्या सेंटरला जायची चिठ्ठी आहे. दुर्दैवाने आपल्याकडे ती चिठ्ठी समजून कुणी वाचत नाही, घरचेही नाही आणि कधीकधी लिहिणाराही समजावून सांगत नाही. ओपीडीत मागे शंभर माणसं उभी असतात, मी समजू शकते, तरी पण दोन वाक्यं बोलायला हवीत असं मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं.

तू विचारलं नाहीस पण तुझ्या मनात असणार म्हणून सांगते, शरीर दाद का देत नाही. गंमत म्हणजे आपल्या शरीरात दाद न देणं ही मुळात एक चांगली व्यवस्था आहे. मेंदूतल्या एका पेशीने एकदा विजेचा झटका सोडला की पुढचा साधारण एक मिलिसेकंद ती कुणाचंच ऐकत नाही. पेशीच्या कातडीत सोडियम आत यायची बारीक दारं असतात, ती उघडतात, लगेच मिटतात आणि मिटताना आतून कडी लागते, मग बाहेरून कितीही ठोठावा, कडी सुटेपर्यंत उघडत नाहीत. हृदयाच्या स्नायूत हीच विश्रांती बरीच लांब असते, पाव सेकंदाच्या आसपास, म्हणून हृदय हातापायाच्या स्नायूसारखं आखडून बसत नाही, प्रत्येक ठोक्यानंतर सैल पडून रक्त भरून घेतं. हृदयाचं हे न ऐकणं फ्रान्समध्ये एटिएन-ज्यूल मारे यांनी १८७० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर दाखवलं, आणि त्यालाही शास्त्रात रिफ्रॅक्टरी असाच शब्द आहे.

आता फिट म्हणजे काय, तर पेशींचा एक जमाव थांबायचं नावच घेत नाही, एकामागून एक सगळ्या एका तालात पेटत राहतात. आणि कार्बामाझेपिन, फेनिटॉइन अशा गोळ्या काय करतात, तर ती आतली कडी जरा जास्त वेळ लावून धरतात. शांतपणे काम करणाऱ्या पेशीला त्रास कमी, पण जी पेशी दारं सारखी उघडझाप करतेय तिची कडी अडकते. फार सुंदर युक्ती आहे ही. (मला ही एका तरुण डॉक्टरने रात्रपाळीत कागदाच्या मागच्या बाजूला चित्र काढून समजावली होती, तो कागद कितीतरी वर्षं माझ्या ड्रॉवरमध्ये होता.)

मग तुझ्या भावासारख्यांमध्ये ही कडी का धरत नाही? जर्मनीत बॉन आणि बर्लिनच्या लोकांनी याचाच माग काढला. ऑपरेशनमध्ये ज्यांच्या मेंदूचा आजारी तुकडा काढावा लागला त्यांचा तो तुकडा त्यांनी जिवंत ठेवून, एकेका पेशीवर कार्बामाझेपिन टाकून बघितलं. २००३ ला त्यांनी लिहिलं की ज्यांना ही गोळी आयुष्यात लागू पडली नव्हती त्यांच्या पेशींमध्ये औषध दारापर्यंत पोचूनसुद्धा ते कडी धरून ठेवणं होतच नव्हतं. म्हणजे दारच बदललेलं. दुसरं एक मत आहे की औषध दारापर्यंत पोचतच नाही, कारण मेंदू आणि रक्ताच्या मधल्या भिंतीत काही पंप असतात जे परकी वस्तू बाहेर फेकतात, आणि १९९५ पासून असे तुकडे तपासताना काही पेशंटमध्ये ते पंप प्रमाणाबाहेर वाढलेले दिसलेत. त्या पंपांना अडवून फिट थांबवता येतील ही आशा मात्र अजून माणसांत पक्की सिद्ध झालेली नाही. तिसरं म्हणजे ज्या जागेतून फिट उठते तिथे व्रण असेल, पेशी मेलेल्या असतील आणि उरलेल्यांनी चुकीच्या जोडण्या केल्या असतील तर नुसत्या कडीने काय होणार. यातलं कुठलंही कारण घे, त्यात तुझ्या भावाची चूक शोधून सापडणार नाही. पथ्य मोडलं म्हणून, पूर्वजन्मीचं म्हणून, मनाने कमकुवत म्हणून हे होत नाही. आईला हे नक्की वाचून दाखव.

आता थोडं खडूस बोलते हां, राग मानू नको. दाद देत नाही असं म्हणायच्या आधी खरंच देत नाही का हे बघावं लागतं, कारण दहा वर्षं 'रिफ्रॅक्टरी' म्हणून फिरलेली माणसं आमच्याकडे येऊन नंतर साध्या गोष्टीने बरी झालेली मी बघितलीत. एका मुलीला सकाळी उठल्या उठल्या हाताला झटके यायचे, चहाचा कप उडायचा, घरचे म्हणायचे वेंधळी आहे, आणि तिला जी गोळी चालू होती ती त्या प्रकारच्या फिट उलट वाढवते, गोळी बदलली आणि प्रश्न मिटला. काहींना मुळात फिट नसतेच, चक्कर असते, हृदयाचं काही असतं, किंवा मनावरच्या ताणातून येणारे झटके असतात जे दिसायला हुबेहूब फिटसारखे, आणि ते नाटक नसतं, खरा आजारच असतो पण उपाय वेगळा असतो. तुझ्या भावाचं वर्णन वाचून मला तसं वाटत नाही, तरी सेंटरवाले हे तपासतीलच. पण एक गोष्ट तूच तपास, शिफ्टमध्ये त्याला नाईट असते का. जागरणासारखी फिटला आवतण देणारी दुसरी गोष्ट नाही, आम्ही तर ईईजीच्या आधी मुद्दाम जागून यायला सांगायचो कारण झोप कमी झाली की बिघाड रेघेवर उमटायची शक्यता वाढते. आठवड्यातून दोन नाईट असतील तर दर आठवड्याला दोनदा तेच. शिवाय नाईटला रात्रीची गोळी तो कधी घेतो? डब्यात नेतो का, का सकाळी घरी आल्यावर? प्रेमाने विचार, पोलिसासारखं नको. आणि मशीनवर असेल तर कंपनीत बोलून जनरल शिफ्ट आणि फिरत्या मशीनपासून लांबचं काम मागायलाच हवं, त्यात लाज कसली.

आता तुझ्या पत्रातल्या त्या मोलाच्या ओळींकडे येते. लहानपणी तापात लांबलेली आकडी, मग मधली काही वर्षं शांतता, मग दहा-अकराव्या वर्षी पोटातून वर सरकणं, एकटक बघणं, ओठ चाटणं, हाताने चाचपणं. ही सगळी माळ कानाच्या आतल्या बाजूला असलेल्या मेंदूच्या भागाकडे, टेम्पोरल लोबकडे बोट दाखवते आणि तिथे हिपोकॅम्पस नावाचा छोटा भाग असतो तो बऱ्याचदा सुकलेला असतो. मी निदान करत नाहीये, पण हा प्रकार गोळ्यांना हट्टाने दाद देत नाही आणि ऑपरेशनला मात्र चांगली देतो, म्हणून तुमची तर अजिबात वेळ दवडू नये अशी केस आहे. नऊ वर्षांपूर्वीचा एमआरआय नॉर्मल होता यावर जाऊ नको, साध्या एमआरआयमध्ये जाड-जाड काप घेतात आणि हा भाग करंगळीएवढा असतो, निसटतो. एपिलेप्सी प्रोटोकॉल एमआरआय असं विचारायचं, त्यात हिपोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात पातळ काप घेतात आणि बघणाराही सवयीचा लागतो.

ऑपरेशन म्हटलं की आई डोळ्याला पदर लावेल हे मला दिसतंय. म्हणून आकडे देते. कॅनडात २००१ मध्ये अशाच टेम्पोरल लोबच्या, गोळ्यांना दाद न देणाऱ्या ८० पेशंटची चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटणी केली, ४० ऑपरेशनकडे, ४० फक्त गोळ्यांकडे. वर्षाने शुद्ध हरपणाऱ्या फिट पूर्ण थांबलेले ऑपरेशनच्या बाजूला ५८ टक्के होते आणि गोळ्यांच्या बाजूला ८. गोळ्यांच्या गटातला एक जण त्या वर्षात दगावला, ऑपरेशनच्या गटात कुणीही नाही. आपल्याच दिल्लीच्या एम्समध्ये मुलांवर असाच अभ्यास झाला, १८ वर्षांपर्यंतची ११६ मुलं, २०१७ ला छापून आला, वर्षाने फिटमुक्त ७७ टक्के विरुद्ध ७ टक्के. त्यात ऑपरेशन झालेल्या साधारण एक तृतीयांश मुलांना काही ना काही गंभीर त्रास झाला, हातापायाची कमजोरी वगैरे, हेही सांगते, लपवायचं काही नाही, पण त्यात मेंदूच्या अर्ध्या भागाच्या मोठ्या ऑपरेशनची मुलंही होती. टेम्पोरल लोबमध्ये मुख्य काळजी असते स्मरणशक्तीची, शब्द पटकन न आठवण्याची आणि नजरेचा वरचा एक कोपरा जाण्याची, म्हणून आधी तासन्‌तास बसवून स्मरणाच्या चाचण्या घेतात आणि नुकसान जास्त दिसलं तर डॉक्टर स्वतःच नको म्हणतात. त्रिवेंद्रमचं श्री चित्रा तिरुनाल इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचं एम्स इथे १९९५ पासून ही ऑपरेशनं नियमित होतायत, मुंबई-पुण्यातही होतात, कराडहून पुणे काही लांब नाही. पैशाचं आत्ताच डोक्यात घेऊ नको, मोठ्या हॉस्पिटलात समाजसेवा अधीक्षक असतात, पहिल्याच दिवशी त्यांना जाऊन भेट.

आणि तपासून ऑपरेशन जमत नाही असं निघालं तरी रस्ता बंद होत नाही. छातीत बसवायचं मानेतल्या नसेचं यंत्र आहे, किटोजेनिक डाएट आहे जो १९२१ पासून माहितीये आणि लहान मुलांत नीट अभ्यासून सिद्ध झालाय (मोठ्या माणसाला भाकरी-भात सोडून इतकं तूप-तेल खाणं जड जातं, आणि तो आहारतज्ज्ञाशिवाय घरच्या घरी कधीच करू नये). गोळ्यांची जुळणी पण सेंटरवाले वेगळ्या नजरेने बघतात, कधी तीनच्या दोन होतात आणि माणूस जागा होतो.

लग्नाबद्दल एवढंच की लपवून करू नका. पूर्वी हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार असणाऱ्याच्या लग्नाला आडकाठी होती, ते शब्द १९९९ मध्ये कायद्यातून काढून टाकले, तेव्हा कायदा तुमच्या बाजूने आहे. पण समोरच्या मुलीला आधी खरं सांगणं हा तिचा हक्क आहे. आधी सेंटर, मग लग्न, माझं तरी हेच मत.

तोपर्यंत घरात बाथरूमला आतून कडी नको, नदीवर-विहिरीवर पोहणं नको, बाईक बंद. फिट आली तर चप्पल हुंगवायची नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, हात दाबून धरायचे नाहीत, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. तो म्हणतो ना पोटातून वर सरकतंय, तेव्हाच कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ सुरू करायचा, चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत, कुठला हात चाचपतो आणि कुठला आखडतो यावरून डॉक्टरांना बाजू ओळखायला मदत होते. सुरुवातीला त्याला राग येईल, त्याला विचारूनच कर.

सेंटरमध्ये बहुतेक व्हिडिओ ईईजीला ॲडमिट करतील, तीन-चार दिवस डोक्याला वायरी लावून कॅमेऱ्यासमोर पलंगावर, आणि तिथे डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली गोळ्या कमी करून फिट यायची वाट बघतात. एक जण सोबत चोवीस तास लागतो, तो तूच रहा, कारण फिट आली की बेलचं बटण कुणीतरी दाबायचं असतं आणि तुझी नजर पक्की आहे. जाताना त्याचे जुने सगळे कागद तारखेप्रमाणे लाव, आत्तापर्यंतच्या प्रत्येक गोळीचं नाव, जास्तीत जास्त डोस किती होता आणि का बंद केली ते एका कागदावर लिहून ने. आदल्या दिवशी शाम्पूने डोकं धू, तेल अजिबात लावू देऊ नको, आमच्या वायरी चिकटत नाहीत. आणि समोरून बटणं असलेले दोन-तीन शर्ट पिशवीत टाक, वायरी लावलेल्या डोक्यातून टी-शर्ट काढता येत नाही.